तिसरा चौकोन

माझं तोंड वीतभर लांब आणि बोटभर रुंद. त्यातून लोक काय काय आत सोडत गेले आणि मी ते गिळत गेले. मी एक तक्रारपेटी आहे. ऐकलेलं पोटात ठेवायचं एवढाच माझा धर्म, म्हणून आजवर मी तोंडातून ब्र काढला नाही. पण ज्या माणसांनी मला बोलकं केलं, ती स्वतःहून कुणाला काही सांगायला जाणार नाहीत. तेव्हा मीच सांगते.

तुझ्ला शहराबाहेर एका टेकडीच्या पायथ्याशी शाळा होती. तिथं माझा जन्म झाला. लढाई संपून दोन वर्षं झाली होती, तरी शाळेत मुलं परतली नव्हती. द्रीना नदीकाठच्या गावांतून हाकलून दिलेली माणसं वर्गावर्गांत राहत होती. एका वर्गात चार घरं, मध्ये दोरीवर टाकलेल्या घोंगड्या, हीच भिंत. त्यात बायाच जास्त. पुरुष थोडे, आणि तेही बहुतेक म्हातारे.

या सगळ्यांची व्यवस्था एक परदेशी संस्था बघायची. तिचं नाव लांबलचक होतं. ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे नुसतं ‘संस्था’ म्हणत. संस्थेचा इथला माणूस जेनान. तुझ्लाचाच पोरगा, तिशीही न गाठलेला, गळ्यात ओळखपत्र आणि कपाळाला सदा आठी. एके दिवशी तो मुनिब सुताराकडे आला. मुनिबला सगळे अमिजा म्हणत, म्हणजे काका.

“अमिजा, एक पेटी करून द्या. वर फट, खाली कुलूप. सारायेवोच्या कचेरीतली माणसं यायच्या आत हवीय.”

“कशाला? निवडणूक लागली काय?”

“तक्रारी टाकायला. देणगी देणाऱ्यांचा नियम आहे. ज्यांना मदत द्यायची, त्यांना बोलायला जागा पाहिजे.”

“बोलायला पेटी कशाला लागते रे? तू समोर उभा आहेस, दोन्ही कान दिसतायत मला तुझे.”

जेनान नुसता हसला. अमिजाने एक मोडका बाक घेतला, त्याच्या फळ्या तासल्या आणि दोन दिवसांत मला उभं केलं. फट पाडताना स्वतःशीच म्हणाला, “थोडी रुंद ठेवतो. आमच्या बायकांच्या तक्रारी दोन ओळींत मावायच्या नाहीत.” मग मला जेवणघराच्या दाराजवळ आतल्या भिंतीवर चार स्क्रूंनी घट्ट बसवलं. रेफियाबाईंनी वळणदार अक्षरात पाटी लिहिली : ‘इथे लिहा. आम्ही ऐकतो.’ रेफियाबाई गावाकडे शाळेत शिकवायच्या. आता शाळेतच राहायच्या, पण शिकवायला समोर कुणी नव्हतं.

पहिली चिठ्ठी पडली तेव्हा मला केवढा आनंद झाला! त्यात लिहिलं होतं : ‘तक्रार काही नाही. चिठ्ठी आत पडते का, तेवढं बघितलं.’

मग मात्र ओघ लागला. आठवड्यातून चार वेळा घेवडाच मिळतो. वाटलेले बूट सगळे डाव्या पायाचे आहेत. न्हाणीघराला आतून कडी नाही. विणायला लोकर दिली, सुया दिल्या नाहीत. अंधारात पडलेलं वाचायला मला दिवा लागत नव्हता. एकेक चिठ्ठी मी उराशी धरायची आणि वाट बघायची, की आज कुणी येईल, कुलूप काढेल.

कुणी आलं नाही. गोष्ट अशी होती, की इथल्या माणसाने पेटी उघडायची नाही, म्हणजे पक्षपात होणार नाही, असाही एक नियम होता. म्हणून जेनानने पहिल्याच दिवशी माझी किल्ली पाकिटात घालून राजधानीत, सारायेवोला पाठवली. तिथं ज्या साहेबांच्या खणात ती पडली, त्यांची दोन महिन्यांत दुसऱ्या देशात बदली झाली. खण तसाच राहिला, किल्ली तशीच राहिली, मीही तशीच राहिले.

दर तीन महिन्यांनी जेनान जेवणघरातल्या शेगडीजवळ बसून फोनवर अहवाल सांगायचा. ब्लँकेटं किती, पिठाची पोती किती. मग शेवटचा प्रश्न यायचा. तो माझ्याकडे पाठ करायचा आणि म्हणायचा, “तक्रारी? शून्य.” माझ्यापासून दोन हातांवर! माझं पोट तेव्हा निम्मं भरलं होतं.

आता झुम्राची गोष्ट सांगते.

झुम्रा जेवणघरात बटाटे सोलायची. वय चाळिशीच्या आसपास, हात मोठे, आवाज बारीक. तिचा नवरा चाझिम लढाईच्या शेवटच्या वर्षी, जुलैत त्यांचं गाव पडलं तेव्हा, इतर पुरुषांबरोबर जंगलाच्या वाटेने निघाला होता. जाताना बायकोला म्हणाला होता, “तू पोरीला घेऊन ट्रकमध्ये बस, मी मागून येतो.” त्यानंतर त्याची काही खबर नव्हती. कुणी म्हणायचं ओढ्यापाशी पाहिला, कुणी म्हणायचं तो नव्हे, त्याचा चुलतभाऊ होता. शिध्यात कधी सिगारेटी मिळाल्या तर बाकीच्या बाया त्या बाजारात विकायच्या. झुम्रा ठेवून द्यायची. म्हणायची, “आला की पहिल्यांदा हेच मागेल, भाकरीच्या आधी.”

दुपारची बस यायच्या वेळी ती हात पुसत दाराशी येऊन माझ्याखालच्या बाकावर बसायची; तिथून रस्ता दिसायचा. बस यायची, चारदोन माणसं उतरायची, बस जायची. मग ती उठून पुन्हा बटाट्यांकडे वळायची. रोज बघून बघून मलाही त्या वेळेची सवय लागली. बसचा आवाज आला की माझ्या फळ्याही ताठ व्हायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात बातमी आली, की संस्था टेकडीवर तीस घरं बांधणार. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि दार. घोंगडीचं नव्हे, लाकडाचं, कडी असलेलं दार! बाया जेवणघरात ओळीने बसल्या आणि जेनान फॉर्म भरून घेऊ लागला.

“झुम्रा मावशी, इथे एक फुली मारा. कुटुंबप्रमुख. हा चौकोन ‘हयात’चा, हा ‘मृत’चा.”

“हयातवर मारली तर?”

“मग त्यांची सही लागेल.”

“आणि मृतवर मारली तर?”

“कोर्टाचा दाखला. एक अर्ज, दोन साक्षीदार. मी सगळं करून देतो, तुम्हाला धावपळ नाही.”

झुम्राने कागद उलटसुलट करून पाहिला. “आणि तिसरा चौकोन कुठाय? ज्यांना ठाऊकच नाही, त्यांच्यासाठीचा?”

“तो नाहीये, मावशी. फॉर्म वरून येतो.”

“वरून म्हणजे? अल्लाकडून?”

बाया खळखळून हसल्या. जेनानचे कान लाल झाले. “परदेशातल्या मोठ्या कचेरीतून,” तो पुटपुटला.

झुम्राने पेन खाली ठेवलं. ती हसली नव्हती. “बाळा, ज्यांनी त्याला मारलं असेल, त्यांनी येऊन सांगावं. मी माझ्या हाताने नाही मारायची.”

अशा अकरा बाया होत्या. त्यांतल्या एकीने, बेहाराने, चार दिवसांनी कोर्टाची वाट धरली. दाखला घेऊन आली, आणि पुढे तीन दिवस तिने कुणाशी शब्द काढला नाही. तिला टेकडीवरचं घर मिळालं. मोकळ्या मनाने तिला मुबारक म्हणायलाही कुणाला जमेना.

झुम्राला लिहिता येत होतं ते नावापुरतं. ती रेफियाबाईंना घेऊन माझ्याखालच्या बाकावर बसली.

“काय लिहू? ‘मला घर नको’ असं?”

“नको नको! घर हवंय. पोरीला तर फारच हवंय. असं लिहा, की घर द्या, पण त्याच्या बदल्यात माझा माणूस मागू नका.”

“हे फार चांगलं सांगितलंस.”

“चांगलं-वाईट मला काय कळतंय, बाई. कागदावर एक चौकोन वाढवायला शाई किती लागते, तेही विचारा.”

चिठ्ठी आत पडली. झुम्राने माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं, बाजारला निघालेल्या म्हशीला थोपटावं तसं. दर महिन्याला ती अशी एक चिठ्ठी टाकू लागली. प्रत्येकीत तेच, शब्द थोडे वेगळे. मला ती पाठ झाली. पण पाठ होऊन काय उपयोग? मला तोंड होतं ते फक्त घ्यायला.

तिची पोर मेव्लिदा सतरा वर्षांची होती. ती शिवणवर्गात जायची आणि परत आली की आधी कपाळावर आठ्या घालून राहत्या वर्गाकडे बघायची. घोंगडीपलीकडचा म्हातारा दिवसरात्र खोकायचा. कपडे बदलायचे ते पांघरुणात शिरून. बर्फ पडायला लागलं त्या दिवसांत एकदा मायलेकी माझ्याजवळच उभ्या राहून भांडल्या.

“साडेतीन वर्षं झाली, आई. एक फुली आहे. फक्त एक फुली!”

“तुला फुली दिसते. मला तो खड्डा दिसतो.”

“आणि मी? मी दिसते का तुला? तू त्याची वाट बघतेस आणि मी तुझी. माझ्याकडे कधी वळशील, याची.”

झुम्राने हात उगारला, आणि मग त्याच हाताने स्वतःचा रुमाल नीट केला. आत निघून गेली. मेव्लिदा तिथंच बाकावर बसली. वहीचं पान फाडून तिने भराभरा काहीतरी लिहिलं, घडी केली आणि माझ्या तोंडात कोंबली.

म्हणजे आता माझ्या पोटात आईची चिठ्ठी होती आणि तिच्याच अंगावर लेकीची. एकमेकींना चिकटून, आणि एकमेकींना ठाऊक नसलेल्या. त्या दोन कागदांचं ओझं बाकी सगळ्यांपेक्षा जास्त होतं, हे मी शपथेवर सांगते.

मार्चमध्ये सारायेवोहून आस्त्रिद आली. ती संस्थेची या देशातली प्रमुख; उंच, पिकल्या केसांची, बूट चिखलात भरले तरी न बघणारी. टेकडीवरची पहिली घरं तयार झाली होती, त्यासाठी जेवणघरात सभा भरली. कॉफी झाली, साखरेचे खडे फिरले, बायांनी लाटलेली पिता आली, म्हणजे पातळ पोळीत बटाटा गुंडाळून भाजलेली वळकटी. मग आस्त्रिद उभी राहिली. ती परदेशी भाषेत बोलायची आणि जेनान ते आपल्या बोलीत सांगायचा.

“बाई म्हणतायत, की तुमची वस्ती सगळ्या देशात नमुन्याची आहे. दीड वर्षात इथून एकही…” जेनान थांबला. “…एकही तक्रार आली नाही.”

बाया हातातले कप खाली ठेवू लागल्या.

रेफियाबाई उठल्या. वर्गात उठायच्या तशाच. “जेनान, बाईंना विचार. शून्य म्हणजे कुणी बोललं नाही, की कुणी ऐकलं नाही?”

जेनान गळ्यातलं ओळखपत्र चाळवू लागला. आस्त्रिद त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात झुम्रा मागच्या बाकावरून उठली, सरळ माझ्याकडे आली आणि मला दोन्ही हातांनी धरून भिंतीपासून ओढू लागली.

“अगं थांब, भिंत येईल हातात!” मुनिब अमिजा धावला. “चार स्क्रू आहेत. मी बसवलेत, मलाच ठाऊक.” त्याने खिशातून पेचकस काढला. स्क्रू एक एक करून सुटले. झुम्राने मला कडेवर घेतलं, पोर घ्यावी तसं, आणि आस्त्रिदच्या पुढ्यात, कपांच्या मधोमध, टेबलावर ठेवलं. आतल्या कागदांची सळसळ सगळ्यांनी ऐकली.

आस्त्रिद काय समजायचं ते समजली. ती हळूच काहीतरी म्हणाली.

“त्या म्हणतात, पेटी मी सारायेवोला नेते. किल्ली तिथं आहे. एकेक चिठ्ठी मी स्वतः वाचेन.”

“किल्ली तिथं होती, म्हणूनच तर ही वेळ आली,” रेफियाबाई म्हणाल्या. “इथंच वाचायच्या. आत्ता. आम्ही लिहिल्यात, आमच्यासमोर.”

बायांनी बाक पुढे ओढले. कुणी जागचं हलेना. आस्त्रिदने क्षणभर विचार केला आणि खुर्ची ओढून बसली. अमिजाने मला आडवं केलं आणि माझा तळ काढला. लागलं मला, पण त्या दुखण्यात सुटकाही होती. दीड वर्षाचं सगळं बोलणं भळाभळा टेबलावर सांडलं, कपांवर, साखरेवर, आस्त्रिदच्या मांडीवर.

रेफियाबाई वाचू लागल्या आणि जेनान भाषांतर करून सांगू लागला. इतके दिवस ज्याने माझ्याकडे पाठ केली होती, त्याच्याच तोंडून सगळं जावं लागलं. ‘माझ्या दोन्ही बुटांत डावाच पाय जातो.’ ‘मला न्हाणीघरात जायची भीती वाटते.’ ‘मी मधुमेहाची रोगी आहे, मला साखर नको, औषध द्या.’ मी, मला, माझं. वाक्यागणिक त्याचा आवाज खाली जात होता.

एक चिठ्ठी उघडून बाई थबकल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथं भांडारवाला उभा होता, साबण-पीठ वाटणारा. बाईंनी चिठ्ठी पुन्हा घडी करून आस्त्रिदच्या हातात दिली. “ही मोठ्याने वाचायची नाही. लिहिणारीचं नाव कुणाला कळता कामा नये. तुम्ही भरवशाच्या बाईकडून वाचून घ्या. पण उद्यावर नको, आजच.” भांडारवाल्याच्या तोंडावरचं हसू मावळलं. दुपार संपायच्या आत भांडाराची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली गेली, आणि पुढे तो त्या वस्तीत दिसला नाही.

मग झुम्राच्या चिठ्ठ्या निघाल्या. एक, दुसरी, तिसरी. आठवी वाचून झाल्यावर बाईंनी पुढचा कागद उचलला. वहीचं फाटकं पान. अक्षर बघूनच त्यांनी ओळखलं आणि तो कागद पदराआड करावा तसा हाताखाली झाकला.

माझा जीव टांगणीला लागला होता.

“वाचा, बाई,” मागून मेव्लिदा म्हणाली. उभी राहिली होती, ओठ चावत. “माझी आहे ती. वाचा.”

बाईंनी वाचलं. “ ‘माझ्या आईच्या वतीने मला सही करू द्या. बाबा मृत, असं मी लिहिते. पाप लागलं तर मला लागू दे. मीसुद्धा त्यांची वाट बघते, पण मला वाट बघायला चार भिंती हव्यात. इथं रडायचं तर चार घरांना ऐकू जातं.’ ”

जेनानने ते सांगायला सुरुवात केली आणि मध्येच त्याला पुढे जाता येईना. त्याने खाली मान घातली. आस्त्रिदला उरलेलं न सांगताच कळलं असावं.

झुम्रा लेकीकडे वळली. सगळ्यांना वाटलं आता ही ओरडेल, नाहीतर कोसळेल. ती म्हणाली, “रडतेस तू? कधी?”

“तू बसकडे जातेस तेव्हा.”

झुम्राने तिला जवळ ओढलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यात दाबून धरलं, जणू तेवढ्यापुरता तरी कुणाला आवाज जाऊ नये.

आस्त्रिदने जेनानला एकच प्रश्न विचारला. तो तिने त्याच्याच भाषेत, मोडक्यातोडक्या शब्दांत विचारला, सगळ्यांना कळावा म्हणून. “शून्य का?”

“पेटी कुणी उघडली नव्हती, बाई. उघडली नाही म्हणून शून्य. मी किल्ली मागू शकलो असतो.” तो थांबला. “मागितली असती, तर वाचावं लागलं असतं. वाचलं असतं, तर उत्तर द्यावं लागलं असतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.”

“उत्तर नाही, हेच सांगायचं होतंस रे,” मुनिब अमिजा म्हणाला. त्यात राग नव्हता. “आम्ही काय, ‘नाही’ ऐकलेली माणसं आहोत. नुसती भिंत ऐकायची सवय नाही आम्हाला.”

चौकोनाबद्दल आस्त्रिद म्हणाली, की फॉर्म पाच देशांत एकच चालतो, तो बदलणं तिच्या एकटीच्या हातात नाही, आज ती हो म्हणू शकत नाही. त्या सभेतलं हे पहिलं कोरडं, पण खरं उत्तर. झुम्राने ते ऐकून घेतलं. मग तिने जेनानच्या पुढ्यातला एक कोरा फॉर्म ओढला, पेन घेतलं, आणि ‘हयात’ आणि ‘मृत’ यांच्या शेजारी स्वतःच्या हाताने तिसरा चौकोन काढला. वाकडा, एक बाजू लांब, एक आखूड. त्यात फुली मारली. खाली आपलं नाव लिहिलं; तेवढं तिला येत होतं.

“हे घ्या. वरून आलेलं होतं, आता वर पाठवा.”

तिच्यामागून उरलेल्या नऊ बाया उठल्या. दहा फॉर्म झाले. मग सगळ्यांत शेवटी बेहारा आली, टेकडीवरचं घर मिळालेली, कोर्टाचा दाखला असलेली. म्हणाली, “मलापण एक द्या.” अकरा झाले.

आस्त्रिदने ते कागद नेले. जूनमध्ये मोठ्या कचेरीतून नकार आला. तिने पुन्हा पाठवले, या वेळी चिठ्ठ्यांच्या नकला जोडून. सप्टेंबरात नवीन फॉर्म छापून आले. त्यावर तीन चौकोन होते, सरळ रेषांचे. तिसऱ्यासमोर लिहिलं होतं : ‘बेपत्ता’. बेहाराचा कोर्टातला दाखलाही रद्द करून मिळाला, पण त्याला आणखी वर्ष गेलं.

मला नवा तळ बसला, स्क्रूंऐवजी आकड्यांवर टांगलं आणि दोन किल्ल्या आल्या. एक जेनानकडे, एक बायांकडे. दर गुरुवारी सकाळी मला अंगणात आणायचे, कॉफी ठेवायचे आणि सगळ्यांसमोर उघडायचे. नाव नको असेल तर नाव न घेता वाचायचं. जेनान उत्तरं कागदावर लिहून भिंतीला लावायचा. कधी ‘होईल’, कधी ‘होणार नाही, कारण असं असं’. नाही म्हटल्यावरही बाया त्याला पिता खाऊ घालायच्या. त्याच्या कपाळावरची आठी मी त्या दिवसांत पहिल्यांदा सैल झालेली पाहिली. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस. अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

झुम्राला घर मिळालं. पहिल्या दिवशी मेव्लिदाने दार दहा वेळा लावलं आणि उघडलं म्हणे. पण टेकडीवरून बस दिसत नव्हती. म्हणून झुम्रा दुपारी खाली उतरून यायचीच, माझ्याखालच्या बाकावर बसायचीच. तेवढ्या वेळात रेफियाबाई तिला अक्षरं गिरवायला लावत. त्यांना शेवटी एक विद्यार्थीण मिळाली होती.

एका बुधवारी झुम्राने स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी माझ्यात टाकली. गुरुवारी जेनानने ती उघडली, वाचायला लागला आणि थांबला. चिठ्ठी संस्थेला नव्हतीच.

‘चाझिम, बेपत्तांच्या यादीत आपला पत्ता या शाळेचा आहे, म्हणून इथं लिहून ठेवते. आम्ही आता टेकडीवर राहतो. पाण्याच्या टाकीमागचं घर, हिरवं दार. हाक मारू नकोस, सरळ ये. मेव्लिदा मोठी झाली आहे, ओळखायला वेळ लागेल. तुझ्या सिगारेटी सादळल्या असतील, पण आहेत.’

“ह्याला काय उत्तर लावू मी भिंतीवर?” जेनानने विचारलं.

“काही नको,” रेफियाबाई म्हणाल्या. “परत आत ठेव.”

ती चिठ्ठी परत माझ्यात आली. दर गुरुवारी बाकीचं सगळं निघायचं, ती राहायची.

पुढे शाळेत मुलं परतली. उरलेल्या बायांनाही घरं मिळाली, वस्ती उठली. संस्थेने ठरवलं, की मला आठवण म्हणून जपून ठेवायचं. मला तेल लावून चकाकी दिली आणि विमानात घालून उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरात, तिच्या मुख्य कचेरीत आणलं. निघायच्या दिवसापर्यंत चाझिमची खबर नव्हती. त्यानंतरचं मला काही ठाऊक नाही.

इथं मी एका काचेच्या कपाटात उभी आहे. खाली पितळी पाटी आहे : ‘आम्ही ऐकतो.’ पाहुणे येतात, वाकून बघतात, फोटो काढतात. कुणाला तरी काही टाकावंसं वाटलं, तरी हात फटीपर्यंत पोहोचत नाही. वर्षानुवर्षं कागद पडल्याचा आवाज ऐकलेला नाही. कधी कधी वाटतं, घेवड्याचीच का होईना, एखादी तक्रार यावी. कुणीतरी डोक्यावर थोपटावं.

बाबांनो, माझं कौतुक करू नका. तुम्ही जिथं जिथं माणसांना मदत देता, तिथं माझी कुणी बहीण भिंतीवर लटकत असेल. तिथं जा. ती भरली आहे की रिकामी, हे नंतर बघा; आधी तिची किल्ली कुणाच्या हातात आहे ते विचारा. आणि उत्तर नसलं, तरी उत्तर नाही असं सांगायला माणसांसमोर उभे राहा.

आणि जमलं तर मला परत पाठवा. झुम्राची चिठ्ठी अजून माझ्यापाशीच आहे. ती इथल्या पत्त्यावरची नाही. तो शाळेच्या दारात आलाच, तर हिरव्या दाराचं घर कुठलं, ते त्याला सांगायला तिथं मला असायला हवं.